एक लुमडा, दोन लुमडे : इंग्रजी व्याकरणाचा सराव

आधी एक छोटासा प्रयोग करू. समजा, तुमच्यासमोर एक विचित्र प्राणी आहे. त्याचे नाव ‘लुमडा’. आता आणखी एक आला. आता तुमच्यासमोर दोन काय आहेत? तुम्ही म्हणालात, ‘लुमडे’. आणि एक ‘लुमडी’ असेल तर तीन? ‘लुमड्या’!

लुमडा हा शब्द कोणत्याही कोशात नाही. तो आत्ताच तयार केला. मग त्याचे अनेकवचन तुम्हांला कोणी शिकवले? कोणीच नाही. लहानपणापासून ‘घोडा-घोडे’, ‘काठी-काठ्या’ असे शब्द ऐकता ऐकता तुमच्या मेंदूने नियम स्वतःच शोधून काढला. सन १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने असाच प्रयोग लहान मुलांवर केला. तिच्या कल्पित प्राण्याचे नाव होते ‘वग’. दोन प्राणी दाखवताच बहुतेक मुले ‘वग्ज’ म्हणाली.

म्हणजे व्याकरण दोन ठिकाणी असते. पुस्तकात आणि डोक्यात. पुस्तकातला नियम पाठ झाला, तरी तो बोलण्यालिहिण्यात आपोआप येत नाही. तो डोक्यात उतरवावा लागतो. त्यासाठीच सराव.

आपल्या जिल्ह्यात ही अडचण जुनीच

धाराशिव जिल्हा सन १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी माध्यमिक शाळांत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणारा मुलगा गणित, भूगोल उर्दूतून शिके. आज वेगळ्या रूपात तोच प्रसंग येतो. भूम, परंडा किंवा उमरग्याची मुलगी मराठी माध्यमातून दहावी होते, अकरावी विज्ञानाला जाते आणि भौतिकशास्त्राचे जाड पुस्तक एकदम इंग्रजीत समोर येते. विषय समजण्याची बुद्धी तिच्याकडे असते. अडते ते वाक्याशी. म्हणून सराव अकरावीत नव्हे, आधीच सुरू व्हायला हवा.

चूक काय सांगते?

‘शी गो टू स्कूल’ असे लिहिले की वहीत लाल रेघ उमटते. खरे वाक्य ‘शी गोज टू स्कूल’. पण गंमत अशी की ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्या मुलांनाही क्रियापदाचे हे शेपूट उशिरा जमते. रॉजर ब्राउन यांनी सन १९७३ मध्ये तीन मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नामाच्या अनेकवचनाचा ‘स’ मुलांना आधी आला, क्रियापदाचा नंतर.

काही चुका मराठीतून येतात. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीचे मध्ये. म्हणून ‘आय बुक रीड’ असे वाक्य होते. उलट काही ठिकाणी इंग्रजीच सोपी आहे. आपण ‘आंबा खाल्ला’, पण ‘चिंच खाल्ली’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘एट’! पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने सन १९६७ मध्ये दाखवून दिले की चूक म्हणजे केवळ निष्काळजीपणा नव्हे. शिकणाऱ्याने मनात कोणता नियम धरला आहे, हे तिच्यावरून कळते.

तीन पायऱ्या

पहिली पायरी नव्याने शिकणाऱ्यांची. कागदाच्या चिठ्ठ्यांवर ‘बॉईज’, ‘रीड’, ‘बुक्स’ असे शब्द लिहा आणि चिठ्ठ्या योग्य क्रमाने मांडा. मग एकच चिठ्ठी बदला. ‘बॉईज’च्या जागी ‘द बॉय’ आला की ‘रीड’चे काय होते?

दुसरी पायरी काळाची. नळदुर्गचा पाणीमहाल डोळ्यांसमोर आणा. बोरी नदीला भरपूर पाणी आले की ते बंधाऱ्यावरून खाली कोसळते. नेहमीची गोष्ट सांगायची तर ‘वॉटर फॉल्स’. आत्ता समोर पडत असेल तर ‘वॉटर इज फॉलिंग’. मागच्या पावसाळ्यात पडले तर ‘वॉटर फेल’. पाणी तेच, बंधारा तोच. वेळ बदलली म्हणून क्रियापद बदलले. विज्ञानाचे नियम पहिल्या प्रकारात का लिहितात, हे आता तुमचे तुम्हीच सांगा.

तिसरी पायरी दहावीकडे निघालेल्यांची. ‘वी हीटेड द वॉटर’ हे वाक्य प्रयोगवहीत ‘द वॉटर वॉज हीटेड’ असे होते. पाणी तापवणारा कोण, याला तेथे महत्त्व नाही. पाण्याचे काय झाले, याला आहे. आपल्या प्रयोगवहीतील पाच वाक्ये रोज अशी बदलून लिहा.

किती आणि केव्हा?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून स्मरणशक्ती मोजली आणि सन १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका दिवसात सलग ६८ वेळा घोकण्याने जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले! तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर वाक्ये लिहिण्यापेक्षा रोज दहा मिनिटे द्या. आज शिकलेले परवा आणि पुन्हा आठवड्याने, पुस्तक मिटून लिहा. आठवताना थोडे अडखळायला हवे. त्या अडखळण्यातच शिकणे आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. वहीतील सगळ्याच चुका एकाच दिवशी लाल करू नयेत. या आठवड्यात फक्त क्रियापदाचे शेपूट, पुढच्या आठवड्यात फक्त काळ.

करून पाहा

वर्गाचे दोन गट करा. एका गटाने तीस वाक्ये एकाच दिवशी सोडवावीत, दुसऱ्याने तीच रोज पाच याप्रमाणे सहा दिवसांत. दोन्ही गटांचे काम एकाच दिवशी संपेल असे पाहा. त्यानंतर तीन आठवड्यांनी दोघांचीही अचानक चाचणी घ्या आणि चुका मोजून आलेख काढा. कोणत्या गटाचा खांब उंच जाईल? आधी अंदाज लिहून ठेवा, मग मोजा.