पेशी गेल्यावर उरणारी जाळी

प्राण्याच्या शरीरातील कोणत्याही ऊतीत, म्हणजे एकत्रितपणे एक काम करणाऱ्या पेशीसमूहात, जिवंत पेशींखेरीज त्या पेशींनीच स्रवून स्वतःभोवती विणलेली एक जाळीही असते. ही जाळी मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाची असून तिच्यात लवचीकपणा देणारे इलॅस्टिन, पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करासाखळ्या आणि पेशींना वाढीचे संदेश देणारे रेणू गुंतलेले असतात. परक्या प्राण्याची ऊती माणसाचे शरीर नाकारते ती प्रामुख्याने तिच्यातील पेशींमुळे. कोलॅजनची घडण मात्र डुक्कर, गाय आणि माणूस यांच्यात इतकी मिळतीजुळती आहे की शरीर तिला बहुधा सहन करते. म्हणूनच पेशी धुऊन काढायच्या आणि जाळी तेवढी राखायची, हा पेशीमुक्त ऊतींमागचा विचार पुढे आला.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९८०च्या दशकात स्टीफन बॅडिलाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा तुकडा कुत्र्याच्या महारोहिणीच्या जागी नळीसारखा बसवून पाहिला, तेव्हा काही काळाने तेथे आतड्याचा मागमूस न राहता रक्तवाहिनीसारखी भिंत तयार झालेली आढळली. पुढे हे काम डुकराच्या आतड्यातील अंतःत्वचेखालच्या पातळ थरावर केंद्रित झाले. शल्यचिकित्सेला हा थर तसा अपरिचित नव्हता, कारण शरीरातच विरघळणारा ‘कॅटगट’ हा टाक्यांचा धागा मेंढीच्या आतड्याच्या याच थरापासून बनत आला आहे. नवे होते ते एवढेच की, येथे विरघळणे ही नुसती सोय न राहता उपचाराचा गाभा ठरले: जाळी काही महिन्यांत विरत जाते, विरताना सुटणारे तिचे अंश रुग्णाच्या पेशींना बोलावून घेतात आणि त्या पेशी आपली जाळी विणू लागतात. हर्नियाची दुरुस्ती, मेंदूवरील आवरणाला ठिगळ, मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमा अशा कामांसाठी या थराचे पडदे आज वापरात आहेत.

सारा कस लागतो तो धुण्यात. त्यासाठी साबणासारखी अपमार्जके, प्रथिने तोडणारी विकरे, गोठवणे आणि वितळवणे हे उपाय वापरले जातात. पण धुलाई कडक झाली तर जाळीच विसविशीत होते आणि सौम्य राहिली तर पेशींचे अवशेष मागे राहतात. २०११ साली बॅडिलाक यांच्याच गटाने सुचवलेली कसोटी अशी की, १ मिलिग्रॅम कोरड्या ऊतीत डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असावे. या काटेकोरपणामागे जिवांची किंमत मोजलेली आहे. २००१ साली व्हिएन्नात ४ मुलांच्या हृदयात पेशीमुक्त म्हणवणाऱ्या डुकराच्या झडपा बसवण्यात आल्या. त्यांपैकी ३ मुले दगावली आणि चौथ्याची झडप खबरदारी म्हणून दोनच दिवसांत काढावी लागली. तपासणीत पेशींचे अवशेष आणि झडपांतील तीव्र दाह दिसून आला. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक शर्करा असते, माणसाच्या पेशींवर ती नसते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. त्यामुळे ‘बहुतेक पेशी गेल्या’ एवढे आश्वासन शल्यचिकित्सकाला पुरेसे मानता येत नाही.

भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून असाच पडदा विकसित केला असून त्वचेच्या जखमांसाठी त्याला २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. एरवी कत्तलखान्यात फेकून दिला जाणारा अवयव जखम भरण्याच्या कामी यावा आणि पडदाही देशातच तयार व्हावा, ही गोष्ट महागड्या आयात पडद्यांकडे पाहता मोलाची आहे. मात्र पडदा कोणत्या प्राण्याचा आहे हे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी, त्याच्या भाषेत, स्पष्ट सांगितलेच पाहिजे; संमतीपत्रातील एखाद्या परक्या शब्दाआड ते दडता कामा नये. डुकराला पर्यायही आहे: आइसलँडमध्ये कॉड माशाच्या कातडीपासून असे आवरण बनते. सस्तन प्राण्यांकडून येणाऱ्या विषाणूंचे भय माशाच्या बाबतीत नसल्याने धुलाई सौम्य ठेवता येते आणि कातडीतील ओमेगा-३ मेदाम्लेही टिकून राहतात. डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या रुग्णाची अडचण या आवरणाने दूर होऊ शकते, पण कोणताच प्राणिज पदार्थ न स्वीकारणाऱ्या रुग्णाची होत नाही.