भूकंप सारखाच, मरण मात्र वेगवेगळे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. गणेश विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे नुकतीच झोपी गेली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत दगडमातीचे ढिगारे होऊन पडली. शासकीय नोंदीनुसार सुमारे ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज परिसरात भूकंप झाला. वेळ पहाटेचीच, ४ वाजून ३१ मिनिटांची. तीव्रता ६.७. वस्ती किल्लारीच्या तुलनेत कितीतरी दाट. तिथे मृत्यू झाले सुमारे ६०.

आकडे वाचताना ६.२ आणि ६.७ यांत फारसे अंतर वाटत नाही. परंतु भूकंपमापनाच्या पट्टीवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. म्हणजे अमेरिकेतील भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या पाच ते सहा पट होती. मोठ्या धक्क्यात साठ आणि लहान धक्क्यात आठ हजारांच्या जवळपास, हा हिशेब निसर्गाने केलेला नाही. मग तो कोणी केला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मारतो तो छताचा भार

दोन्ही ठिकाणी माणसे घरात झोपलेली होती. लॉस एंजेलिसमध्ये बहुतेकांची घरे लाकडी सांगाड्याची व हलक्या छपराची होती. ती हलली, करकरली, काहींना तडे गेले. पण आत झोपलेला माणूस बाहेर येऊ शकला. पहाटेच्या वेळी रस्ते आणि कचेऱ्या रिकाम्या होत्या, म्हणून पूल कोसळूनही मनुष्यहानी मर्यादित राहिली. तीच पहाटेची वेळ किल्लारीत काळ ठरली, कारण तिथे सर्वांत धोक्याची जागा स्वतःचे घर हीच होती.

मराठवाड्यातील त्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व माती. दोन्ही थरांना सांधून धरणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. हादऱ्याने भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि कित्येक टन माती खाली आली. ढिगाऱ्यात श्वास घ्यायलाही पोकळी उरली नाही.

त्या लोकांना अडाणी ठरवण्याची घाई आपण करू नये. उन्हाळ्याच्या तापात माळवदाचे घर थंड राहते. काळा दगड आणि माती शिवारातच मिळते; सिमेंट व लोखंड विकत आणावे लागते. शिवाय त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ साली नकाशा सुधारताना तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. पण शेतकऱ्याच्या घराला हे ज्ञान फार उशिरा लाभले.

हैती आणि चिली

अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्राशी तुलना योग्य नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून आपण २०१० सालाकडे पाहू. १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. दीड महिन्याने, २७ फेब्रुवारीला, दक्षिण अमेरिकेतील चिलीत ८.८ तीव्रतेचा झाला. ऊर्जेच्या हिशेबाने चिलीचा धक्का सुमारे ५०० पट मोठा. चिलीत भूकंप व त्सुनामी मिळून सुमारे सव्वापाचशे माणसे दगावली. हैतीत किती दगावली हे आजही निश्चित सांगता येत नाही. एक लाखापासून तीन लाखांपर्यंत वेगवेगळे अंदाज केले जातात. गरिबाच्या मरणाची नीट मोजदादही होत नाही, ही यातील आणखी एक वेदना.

सत्याला धरून हेही सांगावयास हवे की हैतीच्या भूकंपाचे केंद्र राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सपासून अवघ्या २५ किलोमीटरवर आणि जमिनीत उथळ होते; चिलीचे केंद्र समुद्राखाली होते. मात्र एवढ्याने सारा फरक उलगडत नाही. चिलीने १९६० साली ९.५ तीव्रतेचा, म्हणजे जगात आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप सोसला होता. त्यातून त्या देशाने बांधकामाचे कडक नियम केले. इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर ती बांधून विकणारा दहा वर्षे कायद्याने जबाबदार धरला जातो. चिली काही फार श्रीमंत देश नव्हे. परंतु त्याने आपली जखम लक्षात ठेवली आणि नियम अमलात आणला.

हैतीत पाळण्याजोगा बांधकामाचा कायदाच नव्हता. कमी सिमेंटचे ठोकळे, अपुरे लोखंड आणि वर काँक्रीटचा जड स्लॅब अशी घरे गरिबाने पैसा साठेल तशी वाढवत नेली होती. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद पडला, संयुक्त राष्ट्रसंघाचे कार्यालय पडले. सुमारे १,३०० शाळा आणि ५० हून अधिक रुग्णालये व आरोग्यकेंद्रे कोसळली किंवा निकामी झाली. ख्रिस्तसभेलाही फार मोठी किंमत मोजावी लागली. कॅथेड्रल जमीनदोस्त झाले, आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो मृत्यू पावले, सेमिनरी कोसळून धर्मगुरुपदाचे शिक्षण घेणारे तरुण गेले. ब्राझीलमध्ये बालकांच्या आरोग्यासाठी ख्रिस्तसभेचे विशाल कार्य उभारणाऱ्या डॉ. झिल्दा आर्न्स त्या वेळी हैतीत होत्या; त्याही त्या दिवशी गेल्या.

पैशाचे नुकसान आणि आयुष्याचे नुकसान

भूकंपात श्रीमंत देशाचे पैशाचे नुकसान अधिक होते. नॉर्थरिजची हानी २० अब्ज डॉलरहून अधिक होती, चिलीची सुमारे ३० अब्ज, हैतीची ७.८ अब्ज. पण हैतीचे ते ७.८ अब्ज म्हणजे साऱ्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून अधिक रक्कम होती. श्रीमंताच्या हानीचा मोठा भाग विमा कंपनी भरून देते. गरिबाचा विमा म्हणजे त्याची म्हैस, बायकोचे दागिने आणि नातलग. भूकंपात म्हैसही गेली आणि नातलगही गेले, तर त्याने कोणाच्या दारी जावे?

मदतीच्या बाबतीतही हेच दिसते. पहिल्या काही तासांत ढिगाऱ्याखालील माणसाला शेजारीच बाहेर काढतो. हैतीत परदेशी शोधपथकांनी सव्वाशे-दीडशेच्या आसपास माणसे जिवंत काढली. बाकीची हैतीच्या लोकांनी हातांनी, पहारींनी काढली. पुढे जगाने अब्जावधी डॉलर देऊ केले, पण स्थानिक शासनाच्या व संस्थांच्या हाती त्यातील अगदी अल्प भाग पोहोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याची साथ उसळली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या तळातील सांडपाण्यातून ती पसरली होती आणि पुढील काही वर्षांत तिने सुमारे दहा हजार बळी घेतले. संघटनेचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी २०१६ साली हैतीच्या जनतेची माफी मागितली. मदत करणाऱ्यालाही जबाबदारी सुटत नाही, हा त्यातील धडा.

किल्लारी परिसरात जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाची मोठी योजना राबवली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तिथली घरे मजबूत झाली, पण आखीव रांगांमुळे अनेक ठिकाणी जुनी आळी, भावकी, गुरांची जागा आणि अंगणातला शेजार हरवला. ज्या गावांत घरमालकांनी स्वतः उभे राहून दुरुस्ती केली, तिथे खेड्यांतील स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केले. योजना लोकांना समजावणे आणि बांधकामावर देखरेख ठेवणे ही कामे त्यांनी पार पाडली. मदत घेणाऱ्याला निर्णयात सामील केले की घर त्याचे होते.

नुसती संपत्ती पुरत नाही

इथे आम्ही वाचकांना सावध करू इच्छितो. पैसा आला की सुरक्षितता आपोआप येते, असे नाही. नॉर्थरिजमध्ये एकाच तीन मजली इमारतीत १६ जण गेले; तिच्या तळमजल्यावर मोटारींसाठी मोकळी जागा सोडली होती व वरचा भार पेलणारे खांब दुबळे होते. अशाच मोकळ्या तळमजल्यांच्या नव्या इमारती २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत कोसळल्या. भूकंपाचे केंद्र तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, कच्छमध्ये होते. तुर्कस्तानात कायदा चांगला होता. पण २०१८ साली दंड भरून बेकायदा बांधकामे नियमित करण्याची सवलत देण्यात आली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्या देशात ५३ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. चिलीतही त्सुनामीचा इशारा देण्यात अधिकारी चुकले आणि किनाऱ्यावरील अनेकांना ती चूक भोवली. मात्र चिलीने ती सुधारली. २०१५ मध्ये ८.३ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना वेळेत हलवण्यात आले आणि मृतांची संख्या पंधराच्या आसपास राहिली.

आपले काय?

प्रत्येक भूकंपानंतर आपल्यापैकी कोणीतरी विचारतो, "त्या लोकांनी असे काय पाप केले होते?" शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा प्रभू येशूने हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आणि ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती, हे स्पष्ट केले. त्याने ऐकणाऱ्यांचे लक्ष त्यांच्याच पश्चात्तापाकडे वळवले. आजच्या परिस्थितीत त्या पश्चात्तापाचा एक अर्थ असा, की बुरूज कोणी बांधला, कसा बांधला आणि त्यात कोणी किती सिमेंट वाचवले, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात यावे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि कित्येक आदिवासी कुटुंबांनी थंडीत उघड्यावर रात्री काढल्या. आपल्या गावांतही कौलारू घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. घर बांधताना आपण फरशी आणि रंग निवडण्यात आठवडे घालवतो. पण कॉलमच्या रिंगा किती अंतरावर बांधल्या, त्यांची टोके आत वळवली का, दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारी सलग पट्टी ओतली का, हे पाहायला किती जण उभे राहतात? हा खर्च एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो आणि प्लास्टर झाल्यावर तो कोणालाच दिसत नाही. म्हणूनच तो टाळला जातो.

धर्मग्रामांनीही आपल्या शाळा, सभागृहे आणि जुनी चर्चे जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावीत. शेकडो मुले ज्या छताखाली दररोज बसतात, ते छत किती भक्कम आहे हे ठाऊक असणे ही आपली जबाबदारी आहे.

दूरच्या देशात भूकंप झाला की आपण मिस्सामध्ये दान गोळा करतो. ते अवश्य करावे. पण दान पोहोचते ते मागे उरलेल्यांपर्यंत. गेलेल्यांना वाचवू शकला असता तो आधी प्रामाणिकपणे घातलेला आरपार दगड, आधी वळवलेली रिंग, आधी पाळलेला कायदा. शेजाऱ्यावरील प्रीतीची सुरुवात तिथूनच करावी लागेल.