पाळीव मांजर आणि शिकारीची प्रवृत्ती

वाटीत अन्न शिल्लक असतानाही मांजर बागेत जाऊन चिमणी किंवा सरडा का मारते, असा प्रश्न मांजर पाळणाऱ्यांना नेहमीच पडतो. पोट भरलेले मांजर शिकार करीत नाही, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु मांजराच्या बाबतीत भूक आणि शिकार यांचा संबंध वाटतो तितका निकटचा नाही.

आजच्या पाळीव मांजराचे पूर्वज, म्हणजे आफ्रिकी वन्यमांजर, सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियात धान्यावर जमणाऱ्या उंदरांच्या मागोमाग मनुष्यवस्तीत आले. उंदीर मारणे हाच त्याचा उपयोग असल्याने माणसाने त्याची शिकारी वृत्ती बदलण्याचा प्रयत्न केला नाही. एका उंदरापासून मिळणारे पोषण थोडे असते आणि अनेक झेपा वाया जातात. म्हणून भूक लागेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा संधी दिसताच झडप घालणेच मांजराच्या हिताचे ठरले. 1976 साली रॉबर्ट ॲडमेक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खाण्यात गुंतलेल्या मांजरांपुढे उंदीर सोडला असता, त्यांनी आवडीचे अन्न टाकून आधी उंदीर मारला.

बेंगळुरूसारख्या बागांच्या शहरात या प्रवृत्तीचे परिणाम विशेष जाणवण्यासारखे आहेत. लालबाग आणि कब्बन पार्क यांच्याप्रमाणेच घराघरांच्या लहान बागाही येथील पक्ष्यांना आश्रय देतात. शिपाई बुलबुल पुष्कळदा माणसाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर झुडपात घरटे बांधतो. शिंपी पक्षीही जमिनीपासून फार उंच जात नाही. आणि दयाळाची पिल्ले घरट्याबाहेर पडल्यावर काही दिवस नीट उडू शकत नाहीत. ही सर्व मांजराची सुलभ भक्ष्ये होत. शिवाय मारलेले सर्वच भक्ष्य मालकाच्या दृष्टीस पडत नाही. अमेरिकेतील अथेन्स शहरात 55 मांजरांच्या गळ्यात लहान कॅमेरे बांधून केलेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पकडलेल्या भक्ष्यांपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी घरी आणलेली आढळली.

मग उपाय कोणता? इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 355 मांजरांवर केलेली पाहणी 2021 साली प्रसिद्ध झाली. धान्यविरहित व मांसातील प्रथिनांनी समृद्ध आहार दिल्यावर घरी आणलेल्या भक्ष्यांची संख्या 36 टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे पिसे बांधलेल्या दोरीने खेळविल्यास ती 25 टक्क्यांनी घटली. गळ्यातील भडक रंगाच्या कापडी पट्ट्यामुळे पक्ष्यांची शिकार 42 टक्क्यांनी कमी झाली. घंटेचा मात्र या पाहणीत स्पष्ट परिणाम दिसला नाही. पूर्वीच्या काही अभ्यासांत तो दिसला होता. तथापि घंटा ऐकू आली तरी उडता न येणाऱ्या पिल्लाला तिचा काय उपयोग?

यांपैकी आहाराचा मुद्दा आपल्याकडे विशेष विचारात घेण्याजोगा आहे. अनेक घरांत मांजराला दूधभात किंवा दहीभातच मिळतो. मांजर मात्र पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसातूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावी डोळे व हृदय यांना विकार जडतात. म्हणून योग्य आहार देणे मांजराच्या आरोग्यासाठीही अगत्याचे आहे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मांजराला घरात ठेवणे. सज्जाला व खिडक्यांना जाळी बसविली, चढण्यासाठी फळ्या आणि नखे घासण्यासाठी खांब दिला, तर मांजर तेथे सुखाने राहू शकते आणि वाहने व भटकी कुत्री यांपासूनही वाचते. हे शक्य नसल्यास विणीच्या हंगामात तरी, विशेषतः पहाटे व सायंकाळी, त्याला बाहेर सोडू नये. निर्बीजीकरणामुळे शिकार थांबत नाही. मात्र बेवारशी पिल्लांची संख्या वाढत नाही.

शिकारीबद्दल मांजराला मारणे वा रागावणे व्यर्थ आहे, कारण ते आपल्या स्वभावाप्रमाणेच वागत असते. हा स्वभाव बदलता येत नसला, तरी त्याला खेळाची वाट करून देणे आणि घरट्यांपासून त्याला दूर ठेवणे मालकाच्या हाती आहे.