दाणा आला, की दुसरी निघते

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी पट्ट्यात दाणे वेचणाऱ्या तांबड्या मुंग्यांची वारुळे आहेत. उन्हात फिरताना मुंगीच्या अंगातले पाणी झपाट्याने उडते आणि ते भरून निघते तेही दाण्यांतूनच. पाणी मिळवायचे तर आधी पाणी खर्चायचे! तेव्हा किती मुंग्या बाहेर जाणार, हा वारुळाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न. गंमत म्हणजे तो सोडवणारे कोणीच नाही. राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जीवशास्त्रज्ञ डेबोरा गॉर्डन यांनी वर्षानुवर्षे या वारुळांच्या दाराशी बसून नोंदी केल्या आहेत. बाहेर गेलेली मुंगी सहसा दाणा सापडल्याशिवाय परतत नाही. दाणे भरपूर असले, की मुंग्या लवकर परततात. दाराशी थांबलेली मुंगी त्यांना मिशांनी स्पर्श करते, वास घेते. अशा भेटी भराभर झाल्या, की तीही निघते. विरळ झाल्या, तर आतच थांबते. परतणाऱ्या मुंग्यांना वीसेक मिनिटे अडवून ठेवले, तर बाहेर जाणेच बंद पडते.

असे काही संगणकांत असते का, असे गॉर्डन यांनी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर यांना विचारले. त्यांना आधी काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की ही तर इंटरनेटवरची टीसीपी पद्धत!

आपण पाठवलेल्या फाइलचे लहान तुकडे होतात. तुकडा पोचला, की उलट पोच येते. पोच वेळेवर येत असेल तर वेग वाढवायचा, पोच अडकली तर हात आखडता घ्यायचा. ही अक्कल ठेच लागल्यावर आली. ऑक्टोबर १९८६मध्ये बर्कली परिसरातल्या, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. सगळेच एकदम आणि पुनःपुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये त्यावरचा तोडगा मांडला.

गॉर्डन, प्रभाकर आणि कॅथरीन डेक्टर यांचा निबंध २०१२मध्ये आला, तेव्हा ‘अँटरनेट’ हे नाव गाजले. मात्र इंटरनेट मुंग्यांकडून शिकले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. दोघांनी आपापली वाट शोधली. खरी उसनवारी इटालियन संशोधक मार्को डोरिगो यांची. मुंग्यांच्या गंधरेषांवरून त्यांनी १९९२च्या प्रबंधात जवळचा रस्ता शोधण्याची गणनपद्धत मांडली. तिच्यात गंध मुद्दाम उडून जाऊ द्यावा लागतो, नाहीतर सगळे पहिल्याच बऱ्या रस्त्याला चिकटून बसतात.

वाळवंटातल्या मुंग्यांकडून घेण्यासारखे अजून बाकी आहे. इंटरनेटवर तुकडा पाठवणे स्वस्त, म्हणून अडथळा येईपर्यंत पाठवत राहायचे. मुंगीला बाहेर पडणे महाग, म्हणून खूण मिळेपर्यंत थांबायचे. रानात बॅटरीवर चालणाऱ्या संवेदकांची गत दुसऱ्या प्रकारची. त्यांना एकेक संदेश महाग पडतो. गॉर्डन यांनी २०१३मध्ये दाखवले, की कोरड्या, तापलेल्या दिवसांत कमी मुंग्या बाहेर धाडणाऱ्या वारुळांच्याच लेकी पुढे जास्त वारुळे वसवतात. त्या दिवशी त्यांच्या घरात दाणे कमी आलेले असतात.