विश्लेषण : सव्वादोन टनांचे ‘चिलट’ सेबर जेटला भारी कसे पडले? ‘नॅट’ लढाऊ विमानाची रचना, पराक्रम आणि उणिवा

दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात किंवा बेंगळूरुच्या एचएएल संग्रहालयात गेलात, तर मोठ्या विमानांच्या रांगेत एक विमान एखाद्या मॉडेलसारखे छोटे दिसते. त्याचे नाव ‘नॅट’. इंग्रजीतील या शब्दाचा अर्थ चिलट. याच विमानाला भारतात ‘सेबर स्लेअर’, म्हणजे सेबरचा कर्दनकाळ, ही पदवी मिळाली. हवाई दलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्र ज्या लढतीसाठी दिले गेले, ती लढत याच विमानातून झाली. मात्र ‘नॅट’ने हवाई दलाला अपघातांची आणि बिघाडांची डोकेदुखीही दिली. पराक्रम आणि डोकेदुखी या दोन्हींचे मूळ एकाच गोष्टीत होते, ते म्हणजे विमानाचे वजन.

‘नॅट’ जन्माला कसे आले?

दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमाने झपाट्याने मोठी, जड आणि महाग होऊ लागली. ब्रिटिश अभियंते टेडी पेटर यांना हा प्रवाह मान्य नव्हता. ‘कॅनबेरा’ बॉम्बर त्यांनीच साकारले होते. फॉलंड या छोट्या कंपनीत आल्यावर त्यांनी उलटा हिशेब मांडला. विमान लहान केले तर इंजिन लहान चालते, इंधन कमी लागते, त्यामुळे सांगाडा हलका होतो आणि पुन्हा इंजिन लहान चालते. एका महागड्या विमानाच्या पैशांत अशी अनेक विमाने उभी करता येतील, असा त्यांचा दावा होता.

आधी ‘मिज’ हे प्रायोगिक विमान ११ ऑगस्ट १९५४ रोजी उडाले. हे नावही एका बारीक किड्याचेच. त्यानंतर ब्रिस्टल कंपनीचे ‘ऑर्फियस’ इंजिन बसवलेले ‘नॅट’ १८ जुलै १९५५ रोजी आकाशात झेपावले. पण ब्रिटनच्या हवाई दलाने लढाऊ ‘नॅट’ घेतलेच नाही. १९५८ मध्ये एडन येथे झालेल्या चाचण्यांत ‘हंटर’ विमानाची निवड झाली. ब्रिटनने फक्त दोन आसनी प्रशिक्षण विमान स्वीकारले. ‘रेड ॲरोज’ या जगप्रसिद्ध कसरत पथकाने १९६५ ते १९७९ पर्यंत हेच प्रशिक्षण विमान वापरले. लढाऊ ‘नॅट’चे ग्राहक तीनच : फिनलंडने १३ विमाने घेतली, युगोस्लाव्हियाने चाचणीपुरती दोन घेतली आणि भारताने मात्र ते मोठ्या प्रमाणावर स्वीकारले.

भारताने हेच विमान का निवडले?

१९५४ च्या लष्करी करारानंतर पाकिस्तानला अमेरिकेकडून ‘एफ-८६ सेबर’ मिळणार हे स्पष्ट झाले होते. भारताला वेगाने, परवडणाऱ्या दरात आणि शक्यतो देशातच बनवता येईल असे विमान हवे होते. सप्टेंबर १९५६ मध्ये करार झाला. सुरुवातीची विमाने ब्रिटनमधून आली, काही सुट्या भागांच्या रूपात. पुढे बेंगळूरुच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, परवान्याखाली उत्पादन सुरू झाले. मार्च १९६० मध्ये २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘नॅट’ मिळाले. उत्पादन १९७४ पर्यंत चालले. ‘ऑर्फियस’ इंजिनही बेंगळूरुतच बनू लागले. जेट लढाऊ विमान आणि त्याचे इंजिन दोन्ही देशात तयार करण्याचा अनुभव भारतीय कामगारांना आणि अभियंत्यांना या विमानाने दिला.

जवळून पाहिल्यावर काय दिसते?

लांबी सुमारे पावणेनऊ मीटर, म्हणजे एसटीच्या बसपेक्षा कमी. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर पावणेसात मीटरच्या आसपास. रिकामे वजन सुमारे २,२०० किलो, म्हणजे रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या एसयूव्हीइतके.

नाकाच्या मागे दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडे आहेत. त्यांच्या बाहेरच्या कडेला नीट पाहिले तर प्रत्येकी एक नळी दिसते. ही ३० मिलिमीटरची ‘एडन’ तोफ. दोन्ही बाजूंना एकेक, अशा दोन तोफा आणि प्रत्येकीसाठी ११५ गोळे. या तोफेचा वेग मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्यांचा, म्हणजे सेकंदाला २०. हिशेब केला तर वैमानिकाच्या हाती सहा सेकंदांपेक्षाही कमी मारा उरतो. त्यामुळे कळ दाबण्याआधी शत्रूच्या अगदी जवळ जाणे भाग होते.

पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले आणि मागे झुकलेले आहेत. चाके पंखात न जाता धडातच दुमडली जातात. पेटर यांची युक्ती इथे दिसते. उडताना वेग कमी करण्यासाठी बहुतेक विमानांत वेगळ्या झडपा असतात. ‘नॅट’मध्ये चाके अर्धवट खाली सोडून त्यांच्या दारांचाच ब्रेक म्हणून वापर होतो. एका यंत्रणेत दोन कामे झाली, तेवढे वजन वाचले.

सेबरसमोर ‘नॅट’चा टिकाव कसा लागला?

कागदावर सेबर सरस वाटत होते. कोरियन युद्धात नाव कमावलेले हे विमान, सहा मशिनगन आणि काही विमानांवर ‘साइडविंडर’ क्षेपणास्त्रेही. ‘नॅट’च्या बाजूने तीन गोष्टी होत्या.

पहिली, ताकद आणि वजन यांचे प्रमाण. सेबरचे इंजिन जास्त जोर लावत असे, पण ते सव्वाआठ टनांपर्यंतचे धूड ओढत होते. पूर्ण भरलेल्या सेबरमध्ये इंजिनाचा जोर वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरतो. पूर्ण भरलेल्या ‘नॅट’मध्ये तो निम्म्याहून थोडा अधिक आहे. त्यामुळे वेग पकडण्यात आणि वर चढण्यात ‘नॅट’ चपळ होते.

दुसरी, आकार. त्या काळातील हवाई लढती प्रामुख्याने डोळ्यांनी शत्रूला हेरून होत. ज्याने आधी पाहिले, त्याचे पारडे जड. समोरून येणारे ‘नॅट’ काही किलोमीटरवरून ठिपक्याएवढेही दिसत नसे.

तिसरी, डावपेच. ३ सप्टेंबर १९६५ रोजी छांब क्षेत्रात ‘मिस्टियर’ विमाने आमिष म्हणून रडारला दिसतील अशा उंचीवरून गेली आणि ‘नॅट’ जमिनीलगत उडत राहिली. सेबर आमिषाकडे आले आणि खालून ‘नॅट’ वर झेपावली. स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी त्या दिवशी सेबर पाडल्याची नोंद भारताने केली. पुढे १९ सप्टेंबरला त्यांचे बंधू डेन्झिल कीलर यांनीही सेबर पाडले. दोघा भावांना वीर चक्र मिळाले.

सगळे दावे खरे होते का?

हवाई युद्धात दोन्ही बाजूंचे आकडे क्वचितच जुळतात. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ३ सप्टेंबरचे ते सेबर जखमी झाले, पण तळावर परतले. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट वीरेंद्र सिंग पठाणिया यांनी केलेल्या शिकारीला अनेक अभ्यासक ‘नॅट’चे पहिले निर्विवाद यश मानतात.

३ सप्टेंबरलाच आणखी एक घटना घडली. स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचे ‘नॅट’ पाकिस्तानातील पसरूर येथे उतरले आणि ते युद्धकैदी झाले. आपल्या ‘स्टारफायटर’ विमानाने त्यांना उतरायला भाग पाडले, असे पाकिस्तान म्हणतो. विमानात बिघाड झाल्याने आणि दिशा चुकल्याने ते तेथे उतरले, असे भारतीय बाजू सांगते. ते विमान आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

१९७१ मध्ये काय घडले?

२२ नोव्हेंबर १९७१. युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायला अजून अकरा दिवस होते. बांगलादेश सीमेवर बोयरा भागात भारतीय सैन्यावर आणि मुक्तिवाहिनीवर हल्ले करणाऱ्या सेबर विमानांना रोखण्यासाठी २२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची चार ‘नॅट’ कोलकात्याच्या दमदम येथून उडाली. रॉय मॅसी, गणपती, डॉन लाझारस आणि सोअरेस हे चार वैमानिक होते. चकमक काही मिनिटांत संपली. तीन सेबर पाडल्याचा दावा भारताने केला. त्यांपैकी दोन वैमानिक पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. त्यातील एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरे सेबर नुकसान सोसून परतले, असे पाकिस्तानचे म्हणणे आहे.

१४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर पेशावरहून आलेल्या सहा सेबरनी हल्ला चढवला. १८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों धावपट्टीवरच होते. बॉम्ब पडत असतानाच त्यांनी उड्डाण केले. त्यांच्या पुढे उडालेले साथीदार फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन यांची आणि त्यांची धूसर हवेत चुकामूक झाली आणि सेखों एकटे पडले. एकट्याने झुंजत त्यांनी दोन सेबरवर अचूक मारा केल्याचे त्यांच्या सन्मानपत्रात नमूद आहे. अखेर त्यांचे विमान कोसळले. अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी बाहेर पडण्याचा प्रयत्न केला असावा, असे मानले जाते. विमानाचे अवशेष दरीत सापडले, पण सेखों यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

मग हे विमान डोकेदुखी का ठरले?

वाचवलेल्या प्रत्येक किलोची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागली.

सर्वांत मोठी अडचण शेपटीची. आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर शेपटीच्या आडव्या पंखाला मागे लावलेली छोटी हलती पट्टी निष्प्रभ होऊ लागते. म्हणून ‘नॅट’मध्ये अख्खा आडवा पंखच फिरतो. त्यासाठी हायड्रॉलिक दाबाची ताकद लागते. तो दाब गेला तर विमान हाताच्या जोरावर सांभाळण्याची सोय होती, पण ते वैमानिकाची कसोटी पाहणारे काम होते. उंची कमी असेल तर विचार करायलाही वेळ उरत नसे. नियंत्रण यंत्रणेतील बिघाडांमुळे अपघात झाले आणि हा दोष ‘नॅट’च्या नावाला कायमचा चिकटला.

दुसरी अडचण तोफांची. ऐन लढतीत तोफ अडकण्याच्या तक्रारी १९६५ च्या युद्धात आल्या. सहा सेकंदांचाच मारा हाती असताना त्यातली एक तोफ अडकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी अडचण इंधनाची. लहान धडात मावेल तेवढेच इंधन. लांब जायचे तर पंखाखाली जादा टाक्या लावाव्या लागत आणि टाक्या लावल्या की बॉम्बसाठी जागा उरत नसे. तळाच्या आसपासचे आकाश राखणारा पहारेकरी म्हणून ‘नॅट’ उत्तम होते, पण शत्रूच्या प्रदेशात खोल घुसण्यासाठी ते योग्य नव्हते.

या उणिवांवर उपाय झाला का?

झाला, पण उशिरा. एचएएलने ‘नॅट’मध्ये सुधारणा करून ‘अजित’ हे विमान तयार केले. पंखांच्या आतच इंधन भरण्याची सोय केली, त्यामुळे पंखाखालची जागा शस्त्रांसाठी मोकळी झाली. शेपटीच्या नियंत्रणात बदल झाले आणि अधिक चांगली इजेक्शन सीट आली. हे विमान १९७५ मध्ये प्रथम उडाले. तोवर शेजारी देशांकडे ध्वनीपेक्षा वेगवान विमाने होती आणि भारताकडेही मिग-२१ होते. १९९१ मध्ये ‘अजित’ निवृत्त झाले.

आज ‘नॅट’ का आठवायचे?

‘नॅट’चा प्रश्न आजही सुटलेला नाही : थोडी पण महागडी विमाने घ्यायची की हलकी, परवडणारी आणि संख्येने जास्त? ‘तेजस’ हे हलके लढाऊ विमान याच विचारातून आले. अर्थात काळ बदलला आहे. ‘तेजस’चे कमाल वजन साडेतेरा टन आहे, म्हणजे पूर्ण भरलेल्या ‘नॅट’च्या तिपटीहून जास्त.

दुसरा धागा इंजिनाचा. कुर्ट टँक यांनी आराखडा केलेल्या भारताच्या ‘मरुत’ विमानात ‘ऑर्फियस’ इंजिनांचीच जोडी बसवली होती. त्याच इंजिनाची अधिक शक्तिशाली आवृत्ती विकसित करण्यासाठी पैसा उभा राहिला नाही आणि ‘मरुत’ अखेरपर्यंत अशक्त राहिले. ‘तेजस मार्क १ए’च्या विमानांना अमेरिकी इंजिनांच्या पुरवठ्यातील विलंबाचा फटका बसला. विमान परवान्याखाली बनवता येते, तसेच इंजिनही बनवता येते. पण पुढचे, अधिक ताकदीचे इंजिन स्वतः विकसित करता येत नसेल, तर विमानाचे भवितव्य दुसऱ्याच्या वेळापत्रकावर ठरते.

तेव्हा संग्रहालयात गेलात तर ‘नॅट’पाशी थोडा वेळ थांबा. आधी हवेच्या तोंडाशेजारची ती नळी पाहा, मग मागे जाऊन शेपटीचा आडवा पंख पाहा. या विमानाने मिळवलेले यश नळीपाशी दिसते आणि त्यासाठी वैमानिकांनी पत्करलेली जोखीम शेपटीपाशी. दोन्हींमधले अंतर जेमतेम काही पावलांचे आहे.