भोवऱ्याच्या हाताला चेंडू कोणता?

1973 साली अमेरिकेच्या व्यावसायिक टेनपिन बोलिंगमध्ये डॉन मॅक्यून वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची करामत हातात होती की बादलीत, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मिथाइल इथाइल कीटोन नावाच्या उग्र वासाच्या द्रावकात तो आपला पॉलिएस्टरचा चेंडू भिजत घालायचा. त्याने चेंडूचा पृष्ठभाग मऊ पडायचा. मऊ पृष्ठभाग लेनला धरायचा आणि पिनांच्या जवळ गेल्यावर चेंडू झोकात आत वळायचा. चेंडू किती कडक असावा याचा नियमच तेव्हा नव्हता. लवकरच तो आला, कडकपणा मोजणारं यंत्र स्पर्धांत आलं आणि 72 हा आकडा खालची मर्यादा म्हणून पक्का झाला.

नियम झाला खरा, पण चेंडू बनवणारे जे शिकायचं ते शिकून बसले होते. चेंडूने लेनला जितकं घट्ट धरावं तितका तो वळतो आणि जितका वळतो तितक्या पिना पडतात. पुढची पन्नास वर्षं या एकाच धड्याची आहेत. 1981 मध्ये एएमएफ कंपनीचा ‘अँगल’ हा युरेथेनचा चेंडू आला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं. हे कवच लेनवर घातलेल्या तेलावरून सरकतं आणि कोरड्या लाकडावर गेलं की एकदम पकड घेतं. मग चेंडूच्या पोटातल्या गाभ्याची पाळी. दिव्याच्या, डमरूच्या, नाव सांगता येणार नाही अशा आकारांचे गाभे निघाले. हेतू असा की फिरताना चेंडूचा आस सरकावा, दर फेऱ्याला नवा, तेल न लागलेला पट्टा लेनला टेकावा आणि पकड आणखी वाढावी.

ही सगळी मिरवणूक एका दिशेने चाललेली असताना, त्याच 1970 च्या दशकात, तैवानमधले खेळाडू भलत्याच दिशेला निघाले होते. ते चेंडू वळवतच नव्हते. सोडण्याच्या क्षणी हात चेंडूच्या खालून बाजूने वर आणायचा, मनगट गर्रकन फिरवायचं आणि चेंडू भोवऱ्यासारखा उभ्या आसाभोवती गरगरत पाठवायचा. या पद्धतीला इंग्रजीत कोणी ‘स्पिनर’ म्हणतं, कोणी ‘हेलिकॉप्टर’, कोणी ‘यूएफओ’. हाँगकाँग आणि आग्नेय आशियातही ती रुजली. 1978 मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत बोलिंग पहिल्यांदा आलं. त्यानंतर 1982 च्या दिल्लीच्या खेळांत मात्र ते नव्हतं, त्यामुळे हा प्रकार घरबसल्या पाहायची आपली संधी हुकली.

या गरगरण्यामागचं गणित समजल्याशिवाय चेंडूचा प्रश्न सुटत नाही. नेहमीच्या फेकीत चेंडूचा आस जवळजवळ आडवा असतो. म्हणून चेंडूचा जो भाग लेनला टेकतो तो वेगाने घासत असतो आणि ते घर्षण चेंडूला आत ओढतं. स्पिनरचा आस उभा. लेनला टेकणारा बिंदू आसाच्या अगदी पायाशी येतो, आणि आसावरच्या बिंदूला स्वतःभोवती फिरण्याची गती नसल्यातच जमा. चेंडू वर सुसाट फिरतो आहे आणि खाली नुसता पुढे सरकतो आहे. म्हणून तो जवळजवळ सरळ जातो. लेनवर तेल कुठे दाट, कुठे विरळ, ही इतरांची रात्रंदिवसाची डोकेदुखी त्याला फारशी शिवत नाही.

खूण पाहायची तर परत आलेला चेंडू उचलून पाहा. नेहमीच्या खेळाडूच्या चेंडूवर तेलाचं कडं जवळजवळ पूर्ण परिघाएवढं असतं. रिॲक्टिव्ह चेंडू असेल तर एकाशेजारी एक अशी अनेक. स्पिनरच्या चेंडूवर तळाशी साधारण तीन इंच व्यासाचं एक छोटं वर्तुळ उठतं, बस्स. महागडा गाभा जो नवा पट्टा लेनला टेकवायला बनवला, त्याला इथे कामच उरत नाही.

आता पिनांचं. नेहमीच्या आदर्श स्ट्राइकमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू फक्त चार पिनांना स्वतः शिवतो: एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात. यासाठी चेंडूने वाट सोडता कामा नये, म्हणून वजन हवं. नियमाने जास्तीत जास्त 16 पौंड, म्हणजे सव्वासात किलो. एक पिन दीड किलोच्या थोडी वर असते, तेव्हा हा चेंडू तिच्या साडेचार पट भरतो. स्पिनरला नेमकं उलटं हवं. पुढच्या पिनेवर आदळला की त्याचा चेंडू बाजूला उडावा, त्या कडेच्या पिना घेऊन जावा आणि बाकीच्या एकमेकींवर कोसळाव्यात. उडायला चेंडू हलका हवा. म्हणून हे लोक 10 ते 12 पौंडांतच रमतात. दहा पौंडी चेंडू पिनेच्या जेमतेम तिप्पट. आणि मनगट असं पिळायचं तर सात किलोचा चेंडू धरून ते किती दिवस टिकेल? (जाता जाता: सगळ्या चेंडूंचा आकार एकच, साडेआठ इंचांच्या आसपास, म्हणून 11 पौंडी चेंडू पाण्यात तरंगतो आणि 12 पौंडी बुडतो.)

कवचाचा निर्णय सोपा आहे: कडक, चकचकीत पॉलिएस्टर. पकड घेणारं रिॲक्टिव्ह कवच स्पिनरच्या हातात दिलं तर लेनचा कोरडा भाग लागताच चेंडूचा उभा आस कलंडू लागतो, गरगर मंदावते, आणि ज्या फिरण्यासाठी सगळा खटाटोप केला तेच पिनांपाशी पोचण्याआधी खर्ची पडतं. गाभा साधा हवा. त्याचा आग्रह धरायचीही गरज नाही, कारण 12 पौंडांखालच्या चेंडूंत बहुतेक कंपन्या स्वतःहूनच साधा गाभा घालतात. त्यांच्या लेखी एवढा हलका चेंडू मुलांसाठी किंवा नवशिक्यांसाठी. तैवानच्या विजेत्यांनी याचा राग मानला असेल असं वाटत नाही.

वेगळ्या हाताचं दुसरं उदाहरण नंतरच्या काळातलं आहे आणि त्याचं नशीब अगदी निराळं निघालं. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा जेसन बेलमॉन्टे लहानपणापासून दोन्ही हातांनी चेंडू फेकतो, अंगठा छिद्रात घालतच नाही. सुरुवातीला अमेरिकेत पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्याच्या हाताने चेंडूला मिळणारे प्रचंड फेरे आणि नव्या रेझिनची पकड यांचं असं जमलं की व्यावसायिक बोलिंगमधल्या सर्वांत जास्त प्रमुख स्पर्धा आज त्याच्याच नावावर आहेत. काळाची मिरवणूक त्याच्या दिशेने चालली होती. स्पिनरच्या बाबतीत ती दूर गेली. लेन लाकडाच्या ऐवजी कृत्रिम पृष्ठभागाच्या झाल्या, तेल यंत्राने मोजून घातलं जाऊ लागलं, आणि तेलाची पर्वा न करण्याचा स्पिनरचा मोठा फायदा माझ्या मते तिथेच आटला.

गंमत अशी की मऊपणाची शर्यत शेवटी नियमवाल्यांनाच जड झाली. 2020 पासून अमेरिकेच्या संघटनेने नव्या चेंडूंसाठी कडकपणाची मर्यादा 72 वरून 73 केली आणि तोल साधायला पाडलेली, बोटं न घालायची छिद्रं बंद केली. 2022 मध्ये मऊ निघालेली काही मॉडेलं राष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाली. या सगळ्या गदारोळात स्पिनरच्या पॉलिएस्टरला कोणी हात लावला नाही.

आपल्याकडे लोअर परळला गिरणीच्या जागेत मॉल उभे राहिले, त्यांत बोलिंगच्या लेनही आल्या. तिथल्या रॅकवर ठेवलेले रंगीत चेंडू बहुतेक कडक प्लॅस्टिकचेच असतात. म्हणजे कवच स्पिनरला हवं तसंच. अडचण छिद्रांची. ती कोणाच्याही बोटात बसावीत म्हणून सैल पाडलेली असतात आणि सैल छिद्रात मनगट फिरवताना खेळाडू चेंडू घट्ट आवळतो. तिथूनच अंगठ्याचं आणि मनगटाचं दुखणं सुरू होतं. पद्धत शिकण्यापुरता असा चेंडू ठीक. रोज खेळायचं तर स्वतःचा हवा.

तो मागवताना दुकानात ‘स्पिनरचा चेंडू’ असं काही मिळणार नाही. ‘स्पेअर बॉल’ म्हणून विचारा. उरलेली एखादी पिन सरळ जाऊन टिपायला इतर खेळाडू जो ठेवतात, तोच तुमचा मुख्य चेंडू. कोलंबिया 300 चा ‘व्हाइट डॉट’, ब्रन्सविकचा ‘टी-झोन’, एबोनाइटचा ‘मॅक्सिम’, यांतला कुठलाही चालेल. 11 पौंडांनी सुरुवात करा. चेंडू बाजूला उडत नसेल तर 10 वर या. आणि हाताचं माप घेतल्याशिवाय कोणालाही त्यात छिद्रं पाडू देऊ नका.