एका तारखेवर किती गर्दी?

१ नोव्हेंबरला बंगळुरूत रिक्षांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत पिवळा-लाल झेंडा दिसतो. १९५६ साली या तारखेला आजच्या कर्नाटकाचा नकाशा जुळला. १९७३ साली याच तारखेला म्हैसूर राज्य ‘कर्नाटक’ झालं आणि २०१४ साली पुन्हा याच तारखेला बॅंगलोरचं कागदोपत्री बंगळुरू झालं. सोबत आणखी ११ शहरांची नावं बदलली. तारखा चिठ्ठ्या टाकून काढल्या असत्या, तर या तिन्ही एकाच दिवशी पडण्याची शक्यता १ लाख ३३ हजारांत एक.

पण चिठ्ठ्या टाकल्याच कुणी? पहिली तारीख कायद्याने ठरली, पुढच्या दोन तिच्याकडे बघून. सरकारला महिन्याची पहिली तारीख आवडतेच: केरळ आणि मध्य प्रदेश १९५६, हरियाणा १९६६, छत्तीसगड २०००, सगळे १ नोव्हेंबरचे. आपला १ मे तरी कुठे वेगळा?

खरा योगायोग निराळाच. राज्याचं नाव बदललं त्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९७३ रोजी, मंगळुरूत ऐश्वर्या राय जन्मली. अंगावर काटा यायला हरकत नाही, पण त्या काळी देशात वर्षाला दोन कोटींवर मुलं जन्मत होती, म्हणजे दिवसाला ५५ हजारांच्या वर. त्यातलं एखादं पुढे जगप्रसिद्ध निघायचंच. २०११च्या जनगणनेत बंगळुरू शहर ८४ लाखांचं होतं. ३६५ने भागा, एकेका तारखेला सरासरी २३ हजार वाढदिवस. आणि इतिहासातल्या कुठल्याही २३ घटना डोळे मिटून उचलल्या, तर त्यांच्या २५३ जोड्या होतात आणि निदान एका जोडीची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. ‘दिनविशेष’ हे सदर कधी रिकामं का राहत नाही, ते यात आलं.

बंगळुरूपासून सुमारे ५०० किलोमीटरवर बेळगावात मात्र हीच तारीख मराठी माणसं काळा दिन म्हणून पाळतात. मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे चार जिल्हे १९५६ साली त्याच दिवशी म्हैसूरला जोडले गेले. महाराष्ट्राचा दावा आज ८६५ गावांवर आहे. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा वगळला गेला आणि कोल्हापूर जिल्ह्यात आला. तिथे त्या दिवशी ना झेंडा, ना काळी फीत.